कुणी न मागितलेला अहवाल

सोमवार, ३ मार्च

गणवेशाचे कापलेले तुकडे गुंडाळायला कालचं वर्तमानपत्र उचललं, तर पान तीनवर साहेब हसतायत. केस पांढरे झालेत, पण ओठ तेच. खोटं बोलायच्या आधी जरासे ओले करायचे. शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात नवा अभ्यास-हॉल बांधलाय, त्याला साहेबांचं नाव. समितीचे अध्यक्षही तेच, देणगीही त्यांचीच. उद्घाटन तीस तारखेला. खाली लिहिलंय, ‘शहराच्या पाण्याची आयुष्यभर काळजी वाहणारे अभियंते’.

पाण्याची काळजी! एकोणीस वर्षांपूर्वी ह्याच माणसाच्या हाताखालच्या पंपहाऊसमधून घाण पाणी सुटलं आणि आमच्या भागात चौदा माणसं गेली. जुलाब, उलट्या, दोन दिवसांत डोळे खोल. ठपका कुणावर? पंप चालवणाऱ्यावर. म्हणजे ह्यांच्यावर. पाण्यात औषध घातलं नाही, निष्काळजीपणा केला. ह्यांची नोकरी गेली, दारावर दगड आले, चार वर्षांनी हेही गेले. साहेबांना बढती मिळाली.

कात्री हातातच होती. फोटो मधोमध कापला. मग वाटलं, कागद कापून काय होणार? मापाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, तिथे लिहायला घेतलंय. तीस तारखेला सत्तावीस दिवस आहेत. एक माणूस उसवायला तेवढे पुरतील.

मंगळवार, ४ मार्च

एक नाही, दोन माणसं. साहेब पहिले. दुसरी समोरची वहिनी.

तिची पाच वर्षांची मुलगी आमच्या गल्लीत सगळ्यात आधी गेली. तिचं दुःख मला कळत नाही असं नाही. माझ्याच लेकीबरोबर खेळायची ती पोर. पण म्हणून वहिनीने दारात येऊन ह्यांच्या तोंडावर थुंकावं? हे भोळे, तसेच उभे राहिले, गाल पुसलासुद्धा नाही. त्यानंतर रोज सकाळी खिडकीत बसून तिच्या दाराकडे बघत राहायचे. मी म्हणायचे, जाऊन दोन शब्द सुनवा की तिला! हे गप्प. अपमानाने माणूस असा मुका होतो. एकोणीस वर्षं ती बाई आमच्याकडे पाठ करून कपडे वाळत घालतेय.

मला साहेब स्टेजवरून खाली उतरलेले बघायचेत, आणि तेव्हा वहिनी समोरच्या खुर्चीत बसलेली हवी. ऐकून माझ्या पायाशी आली तरी मी उठवणार नाही.

कसं करायचं हे मात्र ठाऊक नाही. हे नेहमी म्हणायचे, ‘मी लिहून ठेवलंय, वहीत आहे.’ पंपहाऊसची ती नोंदवही नंतर कुणाला दिसलीच नाही.

शुक्रवार, ७ मार्च

पाणीखात्याच्या ऑफिसात तीन दिवस घालवले. ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर. शेवटी एका म्हाताऱ्या शिपायाला दया आली. म्हणाला, “बाई, इथे काही मिळायचं नाही. चौकशीच्या अहवालाची एक प्रत लायब्ररीत पाठवायची पद्धत होती. तिथे बघा.”

म्हणजे साहेबांच्याच लायब्ररीत!

तिच्यावरून तीस वर्षं जातेय, आत पाय टाकला नव्हता. मी सातवीपर्यंत शिकलेली, तिथे माझं काय काम? आत गेल्यावर दारातच घुटमळले. कुणी हटकलं नाही. एक आजोबा पेपर उघडा ठेवून पंख्याखाली डुलक्या घेत होते. एक ड्रायव्हर मुलाचा दाखल्याचा फॉर्म भरत होता आणि ग्रंथपाल त्याला रकाने समजावून सांगत होते.

हे ग्रंथपाल चाळिशीचे, अगदी हळू बोलणारे. प्रत्येक गोष्टीला चिठ्ठी भरून घेतात. मी त्यांचं नाव चिठ्ठीवाले ठेवलंय. माझ्या चिठ्ठीवर अहवालाचं वर्ष वाचलं, मग माझ्याकडे बघितलं.

“कशासाठी हवाय, तेही लिहायचं का?” मी विचारलं.

“नाही. ते आम्ही विचारत नाही.”

तासाभराने तळघरातून वर आले ते बाहीला जाळी लागलेली, हातात जाडजूड बांधलेला अहवाल. मागे तारखांचा कागद चिकटवलेला होता. एकही तारीख नाही.

“एकोणीस वर्षांत कुणी मागितला नाही,” ते म्हणाले. “तुम्ही पहिल्या.”

बुधवार, १२ मार्च

रोज दहाला जाते, दुपारी परत येऊन शिवायला बसते. बोट ठेवून वाचावं लागतं. सरकारी भाषा म्हणजे भरपूर माया सोडलेला कपडा, आत अंग सापडतच नाही. दोनशे पानांत ह्यांना नाव नाही, ‘सदर कर्मचारी’ म्हणतात. सदर कर्मचारी! ज्याचा डबा मी रोज भरायचे, त्या माणसाला.

शेजारी एक नर्सबाई बसतात. बढतीच्या परीक्षेचा अभ्यास करतात. घरी सासू, दीर, दोन पोरं, एक खोली. ड्यूटी संपली की इथेच येतात. अवघड शब्द मी त्यांना विचारते. पहिल्या दिवशी म्हटलं, उगाच चौकशा करतील. पण त्या अर्थ सांगतात आणि मान खाली घालून आपलं वाचतात. माणसं बरी आहेत इथली. अर्थात मी माणसं बघायला जात नाही.

शनिवार, १५ मार्च

सापडलं.

एकशे एक्याऐंशीव्या पानावर बारीक अक्षरात होतं, ‘परिशिष्ट ड पाहावे’. परिशिष्ट ड म्हणजे पंपहाऊसच्या नोंदवहीच्या छायाप्रती. ह्यांचं अक्षर! र ला शेपूट काढायची सवय. रडले नाही. रडायला आले नाही मी इथे.

सोमवार: ‘क्लोरीनचे मशीन बंद. साहेबांना फोन केला. पुरवठा चालू ठेवा म्हणाले.’ मंगळवार: ‘मशीन बंद. पाण्यात औषध नाही. साहेबांना समक्ष सांगितले. पुरवठा चालू.’ बुधवार: तेच. तिन्ही दिवसांच्या समोर ‘पाहिले’ आणि साहेबांची सही. गुरुवारी पहाटे वहिनीची पोर गेली.

म्हणजे चौकशी करणाऱ्यांनी हे पान पाहिलं, शेवटी चिकटवलं आणि पुढे लिहिलं, सदर कर्मचारी दोषी. वर्तमानपत्रात निष्कर्ष तेवढे आले. हे पान इथे तळघरात, कुणीतरी मागेल म्हणून पडून राहिलं.

मी चिठ्ठीवाल्यांना म्हटलं, “मशीनवर ह्याची प्रत काढून द्या.”

“एवढी जुनी बांधणी काचेवर उलटी टाकली तर पाठ मोडेल, काकू. पण हाताने उतरवून घ्या. हवं तेवढं.” मग म्हणाले, “पान नंबर आणि आमचा दाखल नंबर लिहायला विसरू नका. कुणी खोटं म्हटलं तर तेवढं पुरतं.”

नियमाचं भारी वेड आहे माणसाला.

मंगळवार, १८ मार्च

आज तर साहेबच आले! हॉल बघायला. मी परिशिष्ट उघडून उतरवत बसलेली, आणि साहेब माझ्या टेबलापासून चार पावलांवर. तेवढ्यात चिठ्ठीवाले मधे येऊन उभे राहिले, पाठ माझ्याकडे. आणि काय ती लाचारी! बोर्डाची अक्षरं कोणत्या रंगाची, खुर्च्या किती उंच, पडदे लावायचे का, विचारत विचारत साहेबांना बाहेर घेऊन गेले. अध्यक्ष म्हटल्यावर सगळेच वाकतात. मला वाटलं होतं हा माणूस वेगळा असेल.

बरं झालं म्हणा, तेवढ्यात मी अहवाल झाकला.

गुरुवार, २० मार्च

वहिनीच्या दाराखालून उद्घाटनाची पत्रिका सरकवली. वर लाल पेन्सिलीने लिहिलं, ‘तुमच्या मुलीबद्दल खरं ऐकायचं असेल तर या.’ नाव घातलं नाही. अक्षर ओळखेलच. एके काळी तिच्या पोरीचे फ्रॉक मीच शिवायचे, मापं लिहून द्यायचे.

येईल. यायलाच हवी.

शनिवार, २२ मार्च

काय बोलायचं ते नर्सबाईंना म्हणून दाखवलं. लायब्ररीच्या मागच्या पायऱ्यांवर बसून. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाल्या, “ताई, अंगावर काटा आला. त्या माणसाला सोडू नका.” दोन-तीन ठिकाणी शब्द बदलायला सांगितले.

मग सहज विचारलं, “त्या तीन दिवसांत तुमच्या घरी कुणाला काही झालं नाही?”

“छे! आम्ही उकळलेलं पाणी प्यायचो. ह्यांनीच सांगितलं होतं सोमवारी. फार जपणारे होते हो. असा काळजीवाहू माणूस, आणि म्हणे निष्काळजी!”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग वही पिशवीत टाकली. ड्यूटी आहे म्हणाल्या. आज तर त्यांची सुट्टी होती. परीक्षेचं टेन्शन असेल.

हे उकळलेल्या पाण्याचं भाषणात घालायला हवं. ह्यांचा स्वभाव लोकांना कळेल.

मंगळवार, २५ मार्च

आज शिवलं नाही. लायब्ररीत गेले नाही.

सकाळी लेकीचा फोन आला. तिला भाषण वाचून दाखवलं. उकळलेल्या पाण्याचा भाग आला तशी ती म्हणाली, “आई, ते नको वाचूस.”

“का नको?”

“आई, नको ना.”

“अगं पण का?”

मग तेव्हाच्या, नऊ वर्षांच्या आवाजात म्हणाली, “बाबांनी मला सांगितलं होतं, समोर खेळायला जा पण त्यांच्याकडे पाणी पिऊ नकोस. कुणाला बोलू नकोस. मी प्यायले नाही. ती प्यायली. माझ्यासमोर प्यायली, आई. मला वाटायचं तुला माहीत आहे.”

फोन ठेवल्यावर गॅसवर पातेलं दिसायला लागलं. ते सोमवारचं पातेलं. मी विचारलं होतं, आज हे काय नवीन? हे म्हणाले होते, ‘उकळ म्हटलं ना. आणि बाहेर बोलत बसू नकोस, नोकरीचा प्रश्न आहे.’ मी उकळलं. बोलले नाही. ओट्यासमोरच्या खिडकीतून वहिनीचा नळ दिसायचा. तिच्या कळशीत पाणी पडताना मी बघितलं असेल. तीन दिवस बघितलं असेल.

हे मला एकोणीस वर्षं ठाऊक होतं. शब्दन् शब्द ठाऊक होतं. मी काळजी म्हणून जपून ठेवलं होतं.

ह्यांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

बुधवार, २६ मार्च

कुणावर सूड घ्यायचा ते सांगा. ह्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली. आता कळतंय खिडकीत का बसायचे. तेव्हा सांगितलं असतं तर मी त्यांना मारलं असतं. नाही, खोटं. मी म्हटलं असतं, गप्प बसा, पोरीचा विचार करा.

शुक्रवार, २८ मार्च

साहेबांना सोडायचं? का सोडायचं? ह्यांची नोकरी जाईल ही भीती ज्याने घातली तो तोच ना? सही त्याची, हुकूम त्याचा. हॉलवर नावही त्याचंच लागणार.

लायब्ररीत गेले. नर्सबाई होत्या. मी सांगितलं, “मला कळलं.” त्यांनी फक्त खुर्ची जवळ सरकवली.

चिठ्ठीवाल्यांना म्हटलं, “तुमच्या समारंभात मी बोलणार आहे. तुमच्या अध्यक्षांविरुद्ध. तुमच्या हॉलचं वाटोळं होईल कदाचित. आधी सांगून ठेवते.”

ते रजिस्टरमध्ये बघत म्हणाले, “साडेदहाला सभासदांना दोन मिनिटं बोलायला देतात. कुणी नाव देत नाही कधी. देऊ का तुमचं?”

“मी सभासद कुठे आहे?”

त्यांनी फॉर्म पुढे केला.

रविवार, ३० मार्च

सगळं लिहिते.

हॉल भरलेला होता. बोर्डावर कापड टाकलेलं. वहिनी आली होती, शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. मी तिला पहिल्या रांगेत बसवायचं ठरवलं होतं. तिच्याकडे बघवलं नाही.

साहेबांनी पुस्तकं आणि नागरिक यांवर बरंच सांगितलं. ग्रंथालय म्हणजे शहराची स्मृती वगैरे. मग चिठ्ठीवाल्यांनी माझं नाव पुकारलं. साहेबांनी ओळखलं नाही. हसून मान हलवली.

मी वाचायला लागले. दाखल नंबर, पान नंबर, सोमवार. मंगळवारला येईपर्यंत त्यांचं हसू उतरलं. ओठ ओले केले. “बाई, हा आनंदाचा प्रसंग आहे. आपण नंतर बसून बोलू.” समितीतले एक जण माइक बंद करायला उठले. चिठ्ठीवाले बटणापाशीच उभे होते. हलले नाहीत. मागून नर्सबाईंचा आवाज आला, “वाचू द्या त्यांना!” मग पंख्याखालचे आजोबा काठी आपटायला लागले.

बुधवारची सही वाचून झाली.

साहेब हुशार माणूस. उठून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “ठीक. मी सही केली. मला वरून पुरवठा बंद करायची परवानगी नव्हती. पण तुमच्या नवऱ्याला तर माहीत होतं ना, पाण्यात औषध नाही? मग तो गप्प का बसला? गल्लीत चार घरं फिरून सांगायला माझी सही लागत होती?”

लोक माझ्याकडे वळले. त्यांना वाटलं बाई अडकली. साहेबांनाही तसंच वाटलं, कारण ते खाली बसले.

मी म्हटलं, “सांगितलं होतं त्यांनी. एका घराला. माझ्या घराला. आम्ही तीन दिवस उकळलेलं पाणी प्यायलो आणि समोरची मुलगी नळाचं प्यायली. मी तोंड उघडलं नाही. नोकरी जाईल म्हणून. हा माझा गुन्हा, आणि माझ्या नवऱ्याचा. मी तो इथे सगळ्यांसमोर सांगितला. आता तुम्ही तुमचा सांगा. वरून परवानगी नव्हती हे नको. तुमचा सांगा.”

त्यांनी ओठ ओले केले. एकदा, दोनदा. मी स्टेजच्या पायरीपाशी उभी राहिले. ह्यासाठीच आले होते, जाणार नव्हते. शेवटी साहेब हाताने वाट काढत बाजूच्या दाराने निघून गेले. कापड बोर्डावर तसंच राहिलं.

मागे वळले तेव्हा वहिनीची जागा रिकामी होती.

बुधवार, २ एप्रिल

साहेबांनी अध्यक्षपद सोडलं. वर्तमानपत्रात परिशिष्ट ड छापून आलं, ह्यांच्या शेपटीच्या र सकट. बोर्ड काढून नेला, हॉलच्या दारावर चार भोकं तेवढी उरलीत. नाव न लावताच हॉल उघडला. नर्सबाई पहिल्या दिवशीच खिडकीजवळची खुर्ची पकडून बसल्या.

चिठ्ठीवाल्यांकडे समितीने खुलासा मागितलाय, अहवाल बाहेर कसा गेला. मी म्हटलं, माझ्यामुळे तुमची नोकरी जाणार. ते म्हणाले, “खुलासा दिला मी. एक ओळीचा. नागरिकाने चिठ्ठी भरून मागितला, म्हणून दिला.” आणि चिठ्ठी दाखवली. माझं वेडंवाकडं अक्षर.

अठरा तारखेला ते माझ्या टेबलापुढे उभे राहून साहेबांपुढे का नाचत होते, ते आज घरी येताना रस्त्यात एकदम डोक्यात आलं. अर्धा रस्ता परत गेले. मग काय बोलायचं सुचलं नाही, म्हणून पुन्हा वळले.

साहेब पडले. मला गोड लागायला हवं होतं. जेवण जात नाही.

शनिवार, ५ एप्रिल

वहिनीच्या दोरीवर सहा दिवस कपडे नाहीत. दार बंद. गल्लीत माझ्याशी कुणी बोलत नाही, दोन गणवेश परत गेले. दगड मात्र आले नाहीत. ते आले असते तर बरं वाटलं असतं.

लायब्ररीत अहवालाला रांग लागलीय. चौदा घरांपैकी नऊ घरची माणसं येऊन गेली. मागचा तारखांचा कागद भरला, चिठ्ठीवाल्यांनी दुसरा चिकटवला. एक म्हातारा गृहस्थ बायकोचं नाव मृतांच्या यादीत बोटाने शोधत होता. त्याला वाचता येत नव्हतं. मी शोधून दिलं. त्याने मला ओळखलं, तरी ‘पुढचं वाचा’ म्हणाला.

मंगळवार, ८ एप्रिल

आज वहिनी आली.

मी नव्या हॉलमध्ये होते. ती दारात थांबली, मी पहिल्या दिवशी थांबले होते तशी नाही, एखाद्या घरात वसुलीला आल्यासारखी. चिठ्ठी भरली, अहवाल घेतला, सरळ माझ्या टेबलापाशी आली आणि समोर बसली. परिशिष्ट उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. बुधवारच्या ओळीवर हात पालथा ठेवला, नोंद झाकून टाकली.

“ह्यात तुमच्या नवऱ्याचं आहे,” म्हणाली. “त्या साहेबाचं आहे. तुझं नाही.”

एकोणीस वर्षांनी तिचा आवाज ऐकला. मधेच ती मला तू म्हणाली. रागाने की जुन्या सवयीने, मला कळलं नाही.

मी म्हटलं, “वहिनी, मी तुझ्या घरी येते. पायाशी बसून सांगते.”

“माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही. माझी मुलगी आहे तिथे.” तिने अहवाल माझ्यापुढे सरकवला. “इथेच सांग. सोमवार सकाळपासून. पातेलं कधी ठेवलंस, खिडकीतून काय दिसलं, मी नळावर होते तेव्हा तू काय करत होतीस. एकेक दिवस. बुधवार संध्याकाळपर्यंत.”

मी हळू आवाजात सुरुवात केली. तिने टेबलावर हात आपटला.

“उभी राहा. मोठ्याने सांग. सगळ्यांना ऐकू जाऊ दे.”

सगळी टेबलं थांबली. नर्सबाईंनी पुस्तक मिटलं. कपाटापाशी चिठ्ठीवाले हातात पुस्तकं घेऊन उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. शांतता राखा, ते म्हणतील अशी फार आशा होती मला. त्यांनी पुस्तकं खाली ठेवली आणि उघडं दार तसंच राहू दिलं.

मी उभी राहिले, आणि सोमवार सकाळपासून सांगायला लागले.